मॅटसनचं वकीलपत्र

१६ ऑक्टोबर १८४७ या दिवशी इलिनॉय राज्यातल्या चार्ल्स्टन गावच्या कोर्टात एका बाईचा आणि तिच्या चार मुलांचा निकाल लागायचा होता. ती माणसं स्वतंत्र आहेत की कुणाच्या मालकीची, एवढाच प्रश्न होता. ती मालकीचीच आहेत, मालकाच्या ताब्यात द्या, असं सांगायला दोन वकील उभे होते. त्यातल्या एकाचं नाव अब्राहम लिंकन.

आपल्याकडे लिंकन पोचला तो बहुतेक ‘हेडमास्तरांस पत्र’ म्हणून शाळाशाळांत लावलेल्या मजकुरातून. ते पत्र लिंकनने लिहिल्याचा कोणताही मूळ पुरावा नाही. चार्ल्स्टनच्या या खटल्याचं, म्हणजे रॉबर्ट मॅटसन या मालकाच्या खटल्याचं, मात्र तसं नाही. कोर्टाचा हुकूम आहे, आणि त्या खटल्यात भाग घेतलेल्या माणसांनी पुढे सांगितलेल्या आठवणी आहेत. गुलामगिरी संपवणारा राष्ट्राध्यक्ष आधी एका गुलाममालकाचा वकील होता हे वाचून काहीजण लिंकनवर काट मारतात, तर काहीजण ‘वकिलाचा धंदाच तो’ म्हणून विषय मिटवतात. या दोन्ही घाईत खटला वाचायचा राहून जातो. आणि वाचण्यासारखा आहे तो खटलाच, कारण लिंकनने काय युक्तिवाद केला हे कळल्याशिवाय त्याचं काय चुकलं हेही कळत नाही.

इलिनॉयचं ‘मुक्त’ असणं

इलिनॉय हे कागदोपत्री मुक्त राज्य. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या वटहुकुमाने ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरी बंद केली होती आणि १८१८ च्या राज्यघटनेने ती बंदी कायम ठेवली. पण त्या घटनेत पळवाटाही होत्या. शॉनीटाउनच्या मिठागरांवर १८२५ पर्यंत गुलाम मजूर आणायची मुभा होती. लांब मुदतीच्या करारांनी बांधलेली माणसं तशीच बांधलेली राहिली. आणि राज्याने ‘काळे कायदे’ केले. काळ्या माणसाकडे स्वातंत्र्याचा दाखला नसेल, तर तो पळालेला गुलाम आहे असं धरायचं, तुरुंगात घालायचं, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि मालक मिळेपर्यंत शेरीफने त्याला दुसऱ्याकडे कामाला लावून खर्च वसूल करायचा. गोऱ्या माणसाला आपण मुक्त आहोत हे कधी सिद्ध करावं लागत नव्हतं. काळ्या माणसाला ते खिशात कागद ठेवूनच सिद्ध करावं लागे.

त्यात १८४३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने विलार्ड खटल्यात एक निकाल दिला होता. मालक आपल्या गुलामासह इलिनॉयमधून दुसऱ्या राज्यात जात असेल, तर नुसत्या त्या वाटचालीने गुलाम मुक्त होत नाही, आणि त्याला पळायला मदत करणारा गुन्हेगार ठरतो. म्हणजे प्रवासी मालकाला संरक्षण, पण राज्यात वस्ती केली तर गुलामगिरी संपली, अशी रेघ कोर्टाने ओढली होती. प्रवास कुठे संपतो आणि वस्ती कुठे सुरू होते, हा प्रश्न तिथेच लोंबकळत राहिला. रॉबर्ट मॅटसनची सगळी शेती त्या लोंबकळण्यावर उभी होती.

हंगामी गुलाम

मॅटसन केंटकीच्या बूर्बन काउंटीतला जमीनदार. इलिनॉयच्या कोल्स काउंटीत, ब्लॅक ग्रोव्ह नावाच्या जागी त्याची शेतजमीन होती. ती कसायला तो केंटकीहून गुलाम आणायचा. एका हंगामात एक टोळी आणायची, पीक निघालं की परत न्यायची, पुढच्या खेपेला दुसरी. एकही टोळी कायम ठेवायची नाही, म्हणजे ‘वस्ती’ म्हणता येणार नाही. शिवाय ही माणसं इथे कायम ठेवण्याचा आपला इरादा नाही, असं तो साक्षीदारासमोर बोलून ठेवत असे. मक्याची शेती मुक्त राज्यात, मजूर मात्र गुलाम राज्यातले आणि तेही बिनमजुरीचे, अशी ही सोय होती.

या व्यवस्थेत एकच माणूस परत जात नव्हता. अँथनी ब्रायंट. तो शेतावर मुकादम म्हणून कायम राहिला, आणि इतका काळ इलिनॉयच्या मातीवर राहिल्यामुळे कायद्याने तो मुक्त झालेला होता. त्याची बायको जेन आणि चार मुलं मात्र मॅटसनच्या हिशेबात अजून केंटकीची होती. एकाच झोपडीत नवरा मुक्त आणि बायको-पोरं गुलाम.

१८४७ च्या उन्हाळ्यात मॅटसनच्या घरातली गोरी कारभारीण मेरी कॉर्बिन जेनवर भडकली. तुला आणि तुझ्या पोरांना केंटकीला परत धाडते, आणि तिथून पार दक्षिणेत कापसाच्या मळ्यांवर विकायला लावते, अशी तिने धमकी दिली. ही धमकी पोकळ नव्हती. केंटकीतून दक्षिणेकडे माणसं विकली जाण्याचा तो भर काळ होता, आणि विकताना मुलं आईबरोबरच जातील याची काही खात्री नसे. अँथनीने वेळ घालवला नाही. जवळच्या इंडिपेंडन्स गावात, ज्याला आज ओकलंड म्हणतात, गिडियन ॲशमोर नावाचा खाणावळवाला आणि हायरम रदरफर्ड नावाचा पेनसिल्व्हेनियातून आलेला तिशीचा डॉक्टर होता. दोघेही गुलामगिरीच्या विरोधात आहेत हे त्याला ठाऊक होतं. रातोरात कुटुंब ॲशमोरच्या खाणावळीत आलं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो. जेनला ती सोय नव्हती. मॅटसनने आधी गोडीगुलाबीने परत बोलावून पाहिलं. ते जमेना तेव्हा त्याने अशर लिंडर या वकिलामार्फत काळ्या कायद्याखाली अर्ज केला. गावच्या मॅजिस्ट्रेटने सुनावणी घेतली, आणि ही माणसं गुलाम आहेत की मुक्त हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही असं म्हणून हात वर केले. पण जेनकडे दाखला नव्हता. म्हणून तिला आणि चारही पोरांना चार्ल्स्टनच्या तुरुंगात नेलं. जवळपास सात आठवडे ती पाचजणं गजाआड होती. गुन्हा कुठलाच नव्हता. खाण्यापिण्याचा खर्च मात्र शेरीफ दर माणशी दर दिवशी लिहून ठेवत होता.

दुसरीकडे मॅटसनने रदरफर्ड आणि ॲशमोरवर फिर्याद ठोकली. गुलामांना आसरा दिल्याबद्दल माणशी ५०० डॉलर, पाच माणसांचे २,५०० डॉलर. त्या काळी लिंकनसारखा वकील एका साध्या खटल्याचे पाच-दहा-वीस डॉलर घेत असे. त्यावरून ही रक्कम खेड्यातल्या डॉक्टरला आणि खाणावळवाल्याला केवढी वाटली असेल ते कळावं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी नि:स्वार्थपणे झीज सोसली त्यांना. ती अर्पणपत्रिका वाचताना आपल्या डोळ्यापुढे मोठमोठी नावं येतात. मला वाटतं ती या दोन शेजाऱ्यांना आधी लागू पडते.

व्हरांड्यातली भेट

लिंकन तेव्हा ३८ वर्षांचा होता. जन्म केंटकीतल्या लाकडी खोपटातला, पोरवय इंडियानाच्या जंगलात, शाळा जेमतेम. १८३४ पासून चार वेळा इलिनॉयच्या विधिमंडळात निवडून आलेला, पुस्तकं उसनी आणून कायदा शिकून १८३६ मध्ये वकिलीची सनद मिळवलेला. स्प्रिंगफिल्डला विल्यम हर्नडनबरोबर त्याची भागीदारी होती, पण वर्षातले कित्येक आठवडे तो घोड्यावर किंवा बग्गीत, एका काउंटीच्या कोर्टातून दुसऱ्या काउंटीच्या कोर्टात फिरत असे. त्या रिवाजात फिरता वकील गावात येई, स्थानिक वकील त्याला आपल्या खटल्यात सोबत घेई, आणि कधी कधी तासाभराच्या तयारीवर तो ज्युरीपुढे उभा राही. आज ज्याच्या विरुद्ध, उद्या त्याच्याच बाजूने. कोल्स काउंटीशी त्याचा घरोबाही होता. त्याचे वडील टॉमस आणि सावत्र आई सारा चार्ल्स्टनच्या दक्षिणेला शेतावर राहत. १८४६ मध्ये तो काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आला होता आणि आता काही दिवसांत वॉशिंग्टनला निघायचा होता.

रदरफर्ड त्याला ओळखत होता. लिंकन चार्ल्स्टनला आल्याचं कळताच तो खाणावळीच्या व्हरांड्यात जाऊन त्याला भेटला आणि सगळी हकीकत सांगून म्हणाला, माझं वकीलपत्र घ्या. ही भेट रदरफर्डने म्हातारपणी सांगितली आहे. खुर्ची मागे रेलून बसलेला लिंकन ऐकत गेला, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी तो म्हणाला की मला हे घेता येणार नाही, मॅटसनच्या बाजूने माझ्याशी आधीच बोलणं झालंय. लिंडरने त्याला शब्दात गुंतवला होता. रदरफर्ड चिडून निघून आला.

त्यानंतर जे झालं ते मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लिंकनने निरोप पाठवला की मी त्या बाजूतून मोकळा होऊ शकेन असं दिसतंय, तुमचं काम घेतो. तोवर रदरफर्डचा मानी स्वभाव आडवा आला होता. त्याने नकार कळवला आणि चार्ल्स कॉन्स्टेबल या वकिलाला नेमलं.

म्हणजे वकील बांधील असतो, एकदा शब्द दिला की दिला, ही सबब इथे पूर्ण पडत नाही. बाहेर पडायचं दार होतं, आणि ते आहे हे लिंकनला दिसलं होतं. रदरफर्डने नकार दिल्यावर तो दोन्हीकडून बाजूला होऊ शकला असता. काँग्रेसवर निवडून आलेल्या माणसाचं त्या फीवाचून काही अडत नव्हतं. तो बाजूला झाला नाही. सोबत्याला दिलेला शब्द, धंद्यातली रीत, आणि कायद्याचा प्रश्न खरोखर दोन्ही अंगांनी लढवण्याजोगा आहे ही वकिली बुद्धी, यांनी त्याला त्या खुर्चीत बसवलं असं मी समजतो. विचार नव्हते म्हणून तो तिथे बसला असं मुळीच नाही. ३ मार्च १८३७ ला, विधिमंडळात बहुमत उलट बाजूला असताना, त्याने डॅन स्टोन या एकाच सहकाऱ्यासह गुलामगिरी अन्यायकारक असल्याचं लेखी नोंदवलं होतं. १८४१ मध्ये बेली विरुद्ध क्रॉमवेल खटल्यात नॅन्स नावाच्या काळ्या मुलीच्या विक्रीची हुंडी त्याने सुप्रीम कोर्टातून रद्द करून घेतली होती. इलिनॉयमध्ये वर्ण कुठलाही असो, माणूस मुक्तच आहे असं कायदा धरून चालतो, हे तत्त्व त्या निकालात आलं. त्याच वर्षी आगबोटीवर साखळीने एकत्र बांधलेले १२ गुलाम त्याने पाहिले होते, आणि १८५५ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात ते दृश्य आजही आपल्याला छळतं असं तो म्हणतो. मन ठिकाणावर होतं, आणि तरीही माणूस जेनच्या विरुद्ध उभा राहिला.

इराद्याचा युक्तिवाद

सुनावणी दोन न्यायाधीशांपुढे झाली. राज्याचे सरन्यायाधीश विल्यम विल्सन सर्किटवर, म्हणजे गावोगावच्या कोर्टांच्या फेरीवर, आले होते. प्रश्नाचं वजन ओळखून त्यांनी सुप्रीम कोर्टातले सहकारी सॅम्युअल ट्रीट यांना शेजारी बसवून घेतलं. अर्ज हेबियस कॉर्पसचा होता. ही माणसं कोणत्या अधिकाराने डांबली आहेत ते दाखवा, नाहीतर सोडा. जेनच्या बाजूने ऑर्लँडो फिकलिन आणि कॉन्स्टेबल होते. वकील सगळे एकमेकांना ओळखत होते, फिकलिन आणि लिंकन तर विधिमंडळात एकत्र बसलेले.

लिंडरचं म्हणणं सरळ होतं. गुलाम ही मालमत्ता, मालमत्तेला देशाच्या घटनेचं संरक्षण, म्हणून इलिनॉयमध्ये आणल्याने मालकी जात नाही. लिंकनने ही भूमिका घेतली नाही. फिकलिनने पुढे लिहून ठेवलंय त्यानुसार लिंकनने कबूल केलं की मॅटसनने या माणसांना इलिनॉयमध्ये कायम वस्तीला आणलं असेल, तर ती मुक्त झाली. त्याने सगळा भार टाकला तो इराद्यावर. मॅटसनने ही माणसं हंगामापुरती आणली, तसं तो उघड बोलला होता, आणि त्याच्या उलट तो कधी काही बोलल्याचं कुणी दाखवलेलं नाही. हंगामी शेतमजूर हा वाटसरूसारखाच आणि विलार्ड निकालाने वाटसरूचं संरक्षण केलेलं आहे.

कायद्याच्या अंगाने पाहिलं तर हा युक्तिवाद चतुर आहे. त्याने प्रतिपक्षाचं अर्धं म्हणणं मान्य करून वाद एका अरुंद जागेवर आणला. पण त्या जागेवर कोण उभं आहे ते पाहा. जेन कुठे राहते, कुणाच्या शेतात राबते, तिचा नवरा कुठे आहे, तिची पोरं कोणत्या मातीवर वाढताहेत, यातल्या कशालाच या युक्तिवादात जागा नाही. मोजायचं फक्त मालकाच्या मनात काय होतं ते, आणि मनात काय होतं याचा पुरावा म्हणजे मालकाचंच तोंडी बोलणं. असा नियम मान्य झाला तर मुक्त राज्यात गुलाम राबवायला दरसाल एक वाक्य उच्चारणं पुरेसं होतं. लिंकनने वकीलपत्र घेतलं यापेक्षा या युक्तिवादाचा मला जास्त त्रास होतो. माणसाचं स्वातंत्र्य मालकाच्या शब्दावर टांगणारी ही मांडणी होती, आणि ती मांडणारा माणूस ते न कळण्याइतका मंद नव्हता.

कॉन्स्टेबलने आपल्या भाषणात आयरिश वकील जॉन फिलपॉट करन याच्या एका गाजलेल्या भाषणातला उतारा म्हटला. ब्रिटिश मातीला पाय लागताच गुलामाच्या बेड्या गळून पडतात, अशा आशयाचा. ते शब्द ऐकताना लिंकन अस्वस्थ होऊन चुळबुळ करत होता, असं फिकलिनला आठवतं. लिंकन एरवी ज्या ताकदीने बोलत असे ती त्या दिवशी दिसली नाही, असंही तो सांगतो. लिंकनने मुद्दाम खटला ढिला सोडला, असा अर्थ त्यातून काहींनी काढला. तो मला पटत नाही. इराद्याचा मुद्दा हा मॅटसनच्या हातातला सगळ्यात टिकाऊ मुद्दा होता, आणि लिंकनने नेमका तोच लढवला. अशिलाला हरवायला निघालेला वकील लिंडरच्या आडदांड युक्तिवादामागे आरामात लपला असता.

न्यायाधीशांनी इराद्याचा मुद्दा फेटाळला. मालकाने आपणहून मुक्त राज्यात आणून शेतावर ठेवलेली माणसं मुक्त झाली, तो मनात काय धरून होता याने फरक पडत नाही. जेन ब्रायंट आणि तिच्या चार मुलांची मॅटसनच्या आणि इतर कुणाच्याही दावेदारीतून कायमची सुटका झाली. रदरफर्ड आणि ॲशमोरवरचा २,५०० डॉलरांचा दावाही त्याबरोबर कोसळला. आसरा दिलेली माणसं गुलामच नव्हती, मग नुकसान कसलं. मॅटसन केंटकीला पसार झाला आणि लिंकनची फी त्याने दिली नाही. २५ ऑक्टोबरला लिंकनने कुटुंबासह वॉशिंग्टनची वाट धरली.

११ वर्षांनंतरचं वाक्य

या खटल्याबद्दल लिंकनने स्वतः कुठे लिहिलेलं सापडत नाही. पण खटल्यातला प्रश्न त्याला पुन्हा गाठायचा होता. ड्रेड स्कॉट हा मिसुरीचा गुलाम. त्याचा मालक, लष्करातला डॉक्टर, त्याला इलिनॉयमधल्या किल्ल्यावर आणि नंतर उत्तरेच्या मुक्त प्रदेशात घेऊन राहिला होता. या वास्तव्यामुळे मी मुक्त झालो, असा स्कॉटचा दावा होता. १८५७ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. काळा माणूस नागरिकच नाही, आणि मुक्त प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा काँग्रेसला अधिकारच नाही, इथपर्यंत ते कोर्ट गेलं.

१६ जून १८५८ ला स्प्रिंगफिल्डच्या भाषणात, जे दुभंगलेल्या घराच्या दाखल्यामुळे प्रसिद्ध आहे, लिंकनने या निकालाची पुढची पायरी दाखवली. ड्रेड स्कॉटचा मालक मुक्त इलिनॉयमध्ये एका स्कॉटचं जे कायदेशीरपणे करू शकतो, तेच दुसरा कुठलाही मालक एका किंवा हजार गुलामांचं इलिनॉयमध्ये किंवा कुठल्याही मुक्त राज्यात करू शकेल, असं त्याने बजावलं. हे ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना मॅटसन आठवला असेल कोण जाणे, पण लिंकनला तो आठवला नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. मॅटसनने नेमकं हेच पाच माणसांबाबत करून पाहिलं होतं, आणि १८४७ मध्ये इलिनॉयच्या दोन न्यायाधीशांनी ते अडवलं नसतं, तर चार्ल्स्टनचा निकाल १८५८ च्या लिंकनच्याच विरुद्ध दाखला म्हणून वापरता आला असता. आपण हरलो म्हणून आपली पुढची भूमिका शाबूत राहिली, असा हा पराभव होता.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. मॅटसन खटल्याने लिंकन बदलला असं सरळ गणित मांडू नये. १८३७ पासूनचं त्याचं मत तेच होतं. बदललं ते हे की, १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीचं दार उघडलं तेव्हापासून, हा प्रश्न तो दोन्ही बाजूंनी लढवण्याचा कायदेशीर मुद्दा म्हणून हाताळेनासा झाला.

मुक्त झालेल्या कुटुंबाचं पुढे

लिंकनवर लिहिताना ब्रायंट कुटुंबाला निकालाशी सोडून देण्याची पद्धत आहे. ती बरोबर नाही, कारण हा खटला त्यांचा होता. त्यांना आपल्या राज्यातच, मुक्त माणसं म्हणून, सुखाने राहता आलं नाही. त्यांच्यासाठी वर्गणी गोळा झाली ती आफ्रिकेला जाण्याच्या प्रवासाची. मुक्त काळ्या लोकांना लायबेरियात नेऊन वसवावं, हा त्या काळी गुलामगिरीला विरोध करणाऱ्या अनेक गोऱ्यांचाही आवडता तोडगा होता. लिंकन स्वतः पुढे बरीच वर्षं तो उचलून धरत होता. अँथनी, जेन आणि मुलं लायबेरियाला गेली. जन्म केंटकीतला, कष्ट इलिनॉयमधले आणि पाठवणी अशा देशात, जिथे त्यांचं ओळखीचं कुणी नव्हतं. १८४८ मध्ये इलिनॉयमधून तिकडची परिस्थिती पाहायला गेलेल्या एका काळ्या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाला ते कुटुंब अतिशय हलाखीत सापडलं. त्यांना परत यायचं होतं.

त्याच १८४८ मध्ये इलिनॉयच्या मतदारांपुढे नवी राज्यघटना आली. मुक्त काळ्या माणसांना राज्यात येऊन राहायला बंदी घालणारं कलम त्यांच्यापुढे वेगळं ठेवलं होतं. सुमारे ७० टक्के मतांनी ते मंजूर झालं.